मेव्हण्यानं दाखवलेला समुद्र

धुळ्याला माझ्या बायकोला अग्नी देत होते तेव्हा मी समुद्राच्या पाण्याखाली मासे बघत होतो. नुसता बघत नव्हतो, हसत होतो. आणि माझा दंड धरून जो माणूस शेजारी पोहत होता, त्याला सगळं माहीत होतं. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. माझा मेव्हणा.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण गावात ज्याला कळतं की हा म्हातारा समुद्राच्या तळाशी जाऊन आलाय, तो विचारतो, "नाना, सांगा ना, कसं असतं खाली?" आणि मी उठून जातो. लोकांना वाटतं माज आहे. माज नाही. मी ते पाणी आठवायला लागलो की धूर आठवतो, आणि धूर तर मी पाहिलेलासुद्धा नाही.

माझा धंदा विहिरीत बुडी मारायचा. आमचं गाव एरंडोलच्या बाजूला. केळीवाले, कापूसवाले, सगळ्यांच्या विहिरी. पंपाचा फुटबॉल गाळात रुतला की माझ्याकडे माणूस यायचा. फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाला झडपेची जाळी असते ती, आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. कधी मोटर सुटून खाली जायची, कधी कुणाचा लग्नातला हंडा. विहीर आम्ही परसात मोजतो. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. चार परस, पाच परस पाणी असलं तरी मी एका श्वासात तळ गाठायचो.

बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन हिसके म्हणजे ओढ. आमच्यात हा दोर कुणाच्याही हातात देत नाहीत. सख्ख्या भावाच्या तर नाहीच. भाऊ काठावर उभा असला की त्याच्या डोक्यात शेताची वाटणी असते, असं माझा बाप म्हणायचा. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. कारण उघड आहे. तुम्ही खालीच राहिलात तर त्याची बहीण कपाळ पांढरं करून पोरांसकट त्याच्याच दारात येणार. मग तो जीव तोडून ओढतो.

मला पोरगी बघायला गेलो तेव्हा बापानं पोरीकडे कमी आणि तिच्या भावाच्या मनगटाकडे जास्त पाहिलं. भाऊ मिसरूड फुटायच्या वयाचा. बापानं त्याला आडातून पाणी शेंदायला लावलं. त्यानं न थांबता शेंदलं, धाप लागली नाही. बाप परत येताना म्हणाला, "पोरगी चांगली शे." पोरीनं तोवर तोंडातून शब्द काढला नव्हता.

पुढं वर्षानुवर्षं त्याच मनगटावर मी जगलो. मी काठावर उभा राहून छाती भरायला लागलो की त्याची बडबड चालू व्हायची. "दाजी, जास्त वेळ बसू नका खाली. तिथं काही सासरवाडी नाही तुमची." किंवा, "दाजी, आज वर या बरं का, ताईनं शेवभाजी केलीय." एकदा अमळनेरकडच्या एका विहिरीत माझा पाय जुन्या तारेत अडकला. मी दोन्ही हातांनी तार सोडवत होतो, हिसका द्यायला हात मोकळा नव्हता. त्यानं खूण नसताना ओढलं. पायाचं कातडं तारेला राहिलं, पण मी वर आलो. "खूण कुठं दिली होती मी?" मी विचारलं. तो म्हणाला, "दोर हातात मेल्यासारखा लागला, दाजी." त्या दिवसापासून मी त्याच्यावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा देवावर ठेवला नाही.

विहिरीतून दुसरंही काढावं लागायचं. पोलीस पाटलाचा माणूस सायकलवर यायचा आणि दारात उतरून नुसता उभा राहायचा. मग कळायचं. बहुतेक बायाच असायच्या. त्यांचे लोक काठावर नाकाला पदर, उपरणं लावून उभे, आणि मी खाली अंधारात हातांनी चाचपत. केस हाताला लागले की कळायचं. मग तिला माझ्याच दोरात बांधायचं आणि दोघांनी मिळून वर यायचं. अशा दिवशी मी घरी आलो की बायको काही विचारायची नाही. अंगणात कढत पाणी, कडुलिंबाचा पाला तयार असायचा. मी जेवायचो नाही, ती पण जेवायची नाही. एकदाच म्हणाली, "तुमच्या हातांला जितं माणूस लागतच नाही का कधी?" मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

मेव्हण्यानं पुढं धुळ्याला आयटीआय केलं, माझा दोर बायकोच्या चुलतभावाकडे गेला, आणि मेव्हण्याला पार अंदमानात सरकारी नोकरी लागली. तिथं बंदरावर पाण्याखाली काम करणारे लोक असतात. त्यांच्या पाठीवरच्या नळकांड्यांत हवा भरायचं मशीन हा सांभाळायचा. हळूहळू स्वतःही उतरायला शिकला. वर्षाआड सुटीवर यायचा तेव्हा तेच सांगत बसायचा. "दाजी, तिथं पाण्याखाली झाडं आहेत दगडाची. तिथं उतरलात ना, तर तुम्ही परत विहिरीत पाय घालणार नाही." मी म्हणायचो, "पाणी ते पाणी."

हे सगळं घडलं ते नव्वद सालानंतर कधीतरी. संक्रांत होऊन गेली होती. बायको त्या वर्षी फार थकायला लागली होती. अंगावरून जायचं. एरंडोलच्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग शिरपूरला दिलेली आमची एकुलती एक पोरगी येऊन तिला धुळ्याला दाखवून आली. परत आल्यावर बायको मला म्हणाली, "पिशवीला सूज शे. गोळ्या दिन्यात. लेकीकडे जाऊन थोडी पडून राहते." मी बरं म्हणालो. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. चूल सारवत होती.

धुळ्याच्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते मला मागाहून कळलं. पिशवीत गाठ, कापून काढावी लागेल, नाही काढली तर वर्ष जात नाही, आणि काढायची तर काळीज कमजोर, टेबलावरून उठेल याची हमी नाही. हे तिला माहीत. पोरीला माहीत. सुटीवर आलेल्या मेव्हण्याला माहीत. एकाच घरात एकाच चुलीची भाकर खात होतो, आणि तिघांच्या पोटात ती गोष्ट होती. माझ्या पोटात नुसती भाकर.

मग एकाएकी सगळे मला अंदमानला ढकलायला लागले. मेव्हणा म्हणे, "दाजी, या खेपेला चलाच." पोरगी म्हणे, "आबा, मामा एवढं म्हणतो तर जा ना." आणि बायको तर मागेच लागली.

"माले काय करनं शे समुद्र?" मी म्हटलं.

"जलमभर गाळना पानीमा उतरनात," ती म्हणाली. "एक डाव चांगलं पानी तं देखा."

"आणि तू?"

"मी काय, लेकीकडे आराम करीन. तुम्ही परत आल्यावर मला बसून सांगा काय काय पाहिलं ते."

हे शेवटचं वाक्य तिनं कसं उच्चारलं असेल, याचा मी अजून विचार करतो. जीभ कशी वळली तिची?

तिनं दशम्या करून दिल्या, शेंगदाण्याची चटणी दिली. एरंडोलच्या स्टँडपर्यंत आली. एसटी लागली तेव्हा तिनं पुढं होऊन माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली, चारचौघांत. सगळ्या संसारात कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, "काय हे, लोक देखतीन."

"देखतीन तं देखतीन," ती म्हणाली.

मेव्हणा त्या वेळी खिडकीकडे तोंड करून बसला होता. मला वाटलं लाजला.

आगगाडीनं मद्रास, तिथून जहाज. जहाजावर मी ओकलो तेवढा जन्मात ओकलो नव्हतो. मेव्हणा पाठ चोळायचा आणि चिडवायचा, "दाजी, पाण्याच्या आत वाघ, पाण्याच्या वर शेळी." मी शिव्या द्यायचो. बरा चालला होता आमचा प्रवास. हे पण मला आता बोचतं, की बरा चालला होता.

त्याचं क्वार्टर बंदराजवळ. बायका-पोरं त्या वर्षी गावालाच होती. त्याच्या ओळखीचे एक सर होते, मद्रासकडचे, नेव्हीतून सुटलेले. ते पाहुण्यांना पाण्यात उतरायला शिकवायचे. मेव्हण्यानं त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, ते माझे हात हातात घेऊन बघत बसले. मग कमरेइतक्या पाण्यात शिकवणी सुरू झाली.

पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात रबरी नळी, डोळ्या-नाकावर काचेचा मास्क, कमरेला शिशाचा पट्टा, पायांत बदकाचे पंजे. मी मेव्हण्याला विचारलं, "दोर कुठं बांधायचा?"

तो हसला. "दाजी, इथं दोर नसतो. इथं माणूस असतो. प्रत्येकाचा एक जोडीदार, त्यानं नजर काढायची नाही. तुमचा मी."

मला दोराशिवाय नागडं झाल्यासारखं वाटत होतं. पण जोडीदार तो होता, म्हणून मी पट्टा आवळला.

खरा घोटाळा श्वासाचा. विहिरीत छाती भरायची, कोंडायची आणि उतरायचं. खाली श्वास सोडला म्हणजे संपलंच. इथे सर उलटं सांगत होते. पाण्याखाली श्वास घेतच राहायचा, सोडतच राहायचा, कधीही कोंडायचा नाही. कोंडून वर आलास तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. मला डोक्यानं समजत होतं, पण छाती ऐकेना. तोंड पाण्यात गेलं की माझी छाती आपोआप कुलूप लावायची. बुडबुडे बंद झाले की सर नळकांड्यावर ठणठण वाजवायचे आणि मला बाहेर काढून ओरडायचे, "सांस मत रोको, नाना! मछली भी सांस लेती है!" मेव्हणा काठावर पोट धरून हसायचा. "दाजी, समजा ताई भांडतेय आणि तुम्ही हुंकार देताय. हूं... हूं... असं." आणि खरंच, तसं केल्यावर जमलं. नळी तोंडात धरून मी बायकोला हुंकार दिल्यासारखा श्वास सोडायला लागलो.

ज्या दिवशी खरं उतरायचं ठरलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मेव्हणा उशिरा घरी आला. म्हणाला, मशीन बिघडलं होतं. जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. मी म्हटलं, "मग उद्या राहू दे." तो म्हणाला, "नाही. उद्या जायचंच." आवाज बसलेला होता. मी पोटाचाच समजलो.

सकाळी नावेनं एका छोट्या बेटाकडे गेलो. वारा नाही. पाणी इतकं शांत की नाव पाण्यावर नसून हवेत टांगलेली वाटत होती, तिची सावली खाली वाळूवर वेगळी दिसत होती. खोली फार नाही, दोन परस. आमच्याकडची पोरं यापेक्षा खोल उड्या मारतात.

मी उतरलो. पहिली गोष्ट म्हणजे मला माझे पाय दिसले. इतकी वर्षं पाण्यात काढली, पण पाण्याखाली स्वतःचे पाय कधी पाहिले नव्हते. विहिरीत डोळे उघडे काय, मिटलेले काय, सारखंच. बोटांनी बघायचं असतं. इथं उन्हाचे पट्टे खाली वाळूपर्यंत येत होते, केळीच्या बागेत पानांमधून येतात तसे, आणि हलत होते. पांढऱ्या वाळूवर नुकतीच वखराची पाळी घातलेल्या शेतासारख्या रेघा. आणि पुढं ते दगड.

दगड म्हणायचे, पण जिते. एक म्हशीएवढा गोल, त्याच्या अंगावर अक्रोडावर असतात तशा वळ्या. पलीकडे बाभळीच्या फांद्या एकात एक गुंतल्यासारखं सगळं रान, आणि प्रत्येक फांदीचं टोक निळं. हिरवे-निळे मासे चोचीनं तो दगड खात होते आणि त्याचा आवाज येत होता, बैलानं कडबा खावा तसा करकर. विहिरीत खाली फक्त स्वतःचं काळीज ऐकू येतं. एका ठिकाणी बाईनं केस मोकळे सोडावेत तसं काहीतरी डोलत होतं आणि त्यात बोटभर नारिंगी मासा, पांढऱ्या पट्ट्यांचा. मी बोट पुढं केलं तर तो माझ्या अंगावर धावून आला. बोटभर जीव, पण दार सोडीना.

वाळूत एक काळं, जाडं, लांबट जनावर पडलं होतं. हलत नव्हतं. हुबेहूब आमचं भरताचं वांगं. मी मेव्हण्याला ते दाखवलं आणि हातांनी भाजून सोलायची खूण केली. आणि मी हसलो. हसलं की गाल वर जातात आणि मास्कमध्ये पाणी शिरतं. सरांनी शिकवलं होतं तसं नाकातून हवा सोडून मी ते काढलं, आणि परत हसलो.

मेव्हणा हसला नाही. तो माझा दंड धरून होता आणि सारखा स्वतःचा मास्क साफ करत होता. हवा सोडायचा, पाणी जायचं, थोड्या वेळानं पुन्हा भरायचं. मला वाटलं इतकी वर्षं उतरणाऱ्या माणसाला मास्क नीट लावता येऊ नये म्हणजे कमाल आहे. वर गेल्यावर याची खेचायची, असं ठरवून टाकलं.

आणि सगळा वेळ मी मनात गाठोडं बांधत होतो. हे तिला सांगायचं. हे पण सांगायचं. वांग्याचं आधी सांगायचं, म्हणजे हसेल. त्या नारिंगी माशाचं शेवटी.

वर आलो, वाळूवर बसलो. सरांनी थर्मासमधला चहा दिला. माझं तोंड बंद होईना. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी तुझ्या ताईला आणू. पाण्यात नको, नावेतून वाकून बघेल. एवढं स्वच्छ आहे, वरूनही दिसतं."

तो चहाकडे बघत म्हणाला, "दाजी, ताई नही ऱ्हायनी."

मला आधी कळलंच नाही. कुठं नाही राहिली? लेकीकडे?

"धुळ्याला ऑपरेशन होतं. काल संध्याकाळी टेबलावरच गेली. ऑफिसात फोन आला होता."

"काल?"

"काल."

"मग आता?"

त्यानं सूर्याकडे पाहिलं. "आता झालं असेल सगळं. सकाळीच न्यायचं म्हणत होते."

शिशाचा पट्टा माझ्या हातात होता. तो मी आधी खाली टाकला आणि मग त्याला मारलं. एवढी अक्कल राहिली होती. त्यानं हात वर केले नाहीत. सर धावत आले, मला धरलं, त्यांना भाषा समजत नव्हती, ते नुसते "नाना, नाना" करत होते. मेव्हण्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो सांगत होता, "ताईनं माझ्या पोरांची शपथ घातली होती, दाजी. म्हणाली, काहीही झालं तरी त्यांचा समुद्र बघून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बघून झालं की मग सांग."

"विमान नव्हतं का?"

त्यानं मनगटानं नाकाचं रक्त पुसलं. मग म्हणाला, "विचारलं नाही."

जहाज मिळेपर्यंत मी त्याच्या घरात अन्न घेतलं नाही. धक्क्यावर झोपलो. तो डबा आणून शेजारी ठेवायचा, मी कुत्र्यांना घालायचो. दोघं एकाच जहाजानं, एकाच गाडीनं परत आलो, पण मी त्याच्याशी शब्द बोललो नाही. दहावं होऊन गेलं होतं. तेरावं तेवढं मला मिळालं.

पोरगी घरी होती. मला बघून गळ्यात पडली. मी तिला बाजूला करून विचारलं, "कुणी अग्नी दिला?"

"जावयानं."

"कुठं?"

"धुळ्यालाच, आबा. गावी आणलं असतं तर लोकांनी तुमच्यासाठी थांबवलं असतं."

"मग थांबवायचं होतं!"

ती रडत रडत आईचे शब्द सांगायला लागली. "माय म्हने, त्यासनी जलमभर दुसरासना मढा उचल्यात. मना तरी त्यासले उचलू देजो नका." म्हणजे मी आयुष्यभर लोकांची प्रेतं उचलली, निदान तिचं तरी माझ्या हातांना लागू नये. मी बाहेर असतानाच व्हायचं ते होऊन जावं. जगली तर मी परत येईन तेव्हा ती टाके घालून खाटेवर असेल. मेली तर मला काही बघावं लागणार नाही. आणि मेलीच, तर निदान एकदा चांगलं पाणी बघून झालेलं असेल. असा तिनं चुलीपुढं बसून बेत केला, आणि तिघांनी तो पार पाडला.

गावातल्या बायांनी हे ऐकून डोळ्यांना पदर लावला. केवढी माया, म्हणाल्या. असेल माया. मला मात्र ते फसवणं वाटलं, आणि आजही वाटतं. ज्यांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती अशा बायांना मी गाळातून काढलं, माझ्या कमरेच्या दोरात बांधून छातीशी धरून वर आणलं. त्यांचे नवरे वर नाकाला फडकं लावून उभे. मी उभा राहिलो नसतो तसा. तिला मी धुतलं असतं. नवं लुगडं नेसवून दिलं असतं. खांदा दिला असता. हे माझ्या हातांचं काम होतं, आणि तेवढ्याच एका वेळी माझे हात समुद्रात वांगं सोलायच्या खुणा करत होते.

आणि तिच्या आजाराचं मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? काही नाही. डॉक्टर थोडाच होतो. खाटेजवळ बसलो असतो. तिनं हात मागितला असता तर दिला असता. तेवढंच करायचं होतं, आणि त्यासाठीही मी नको झालो.

बापाचा हिशेब चुकला नव्हता. बायकोचा भाऊ दोर धरतो तो बहिणीसाठी. ती म्हणाली ओढ, तर ओढलं. ती म्हणाली सोड, तर सोडलं. मीच खुळा. इतकी वर्षं वाटत राहिलं की तो मला ओढतोय.

मी नंतरही विहिरीत उतरलो, गुडघे गेले तोपर्यंत. दोर धरायला रोजावर माणूस लावायचो. तो बिडी ओढत उभा राहायचा. मला चालायचं. त्याच्याकडून मला काही नको होतं.

पोरीशी बोलणं सुरू झालं. पोटची पोर, किती दिवस तोंड फिरवणार. मेव्हणा नोकरीतून सुटून अमळनेरला घर बांधून राहिला. तो दर अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, येतो. अखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, वर खरबूज, आंबा ठेवतात, पुरणपोळी आणि रसाचं जेवण करतात. बहिणीची घागर, तेव्हा मी त्याला दारातून परत पाठवू शकत नाही. तो येतो, जोडे काढतो, घागरीला हळदकुंकू वाहतो. मी पाट मांडतो. जेवतो, ताट धुतो, जातो. इतकी वर्षं मी त्याच्याशी "जेव" याच्यापलीकडे बोललो नाही. तो "येतो, दाजी" म्हणतो. मी मान हलवतो.

यंदा त्याला चालवत नव्हतं. नातवानं मोटारसायकलवरून सोडलं आणि तो बाजारात गेला. मेव्हणा भिंतीला धरून आत आला. मी पोरीनं करून पाठवलेल्या पोळ्या काढल्या, रस काढला. जेवायला बसल्यावर त्यानं पहिला घास हातात धरून ठेवला.

"दाजी, एक विचारू?"

मी त्याच्या पोळीवर तूप वाढलं.

"फोनवर ताई शेवटचं बोलली माझ्याशी. आत न्यायच्या आधी. म्हणाली, त्यांना कसं वाटलं ते मला सांग." त्यानं घागरीकडे पाहिलं. "मी तुम्हाला तेव्हा विचारू शकलो नाही. नंतरही नाही. आता माझा पण भरवसा नाही. एकदा सांगून टाका. कसं होतं ते पाणी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. घास अजून हातातच होता त्याच्या, त्यातलं पुरण ताटात पडत होतं. मला माहीत होतं तो काय मागतोय. मी चांगलं होतं म्हणालो की तो सुटणार. घागरीपुढं डोकं टेकून सांगणार, ताई, दाजींना आवडलं. मग सगळं बरोबर झालं असं होणार. तिनं केलं ते, त्यानं केलं ते.

चांगलं होतं. मी त्यापेक्षा सुंदर काही पाहिलं नाही, पाहणारही नाही. ते मला तिला सांगायचं होतं, तिच्यासमोर बसून, तिच्या हुंकारावर. दुसऱ्या कुणाकडून निरोप धाडायचं ते नव्हतं.

"खारं होतं," मी म्हणालो, आणि त्याच्या वाटीत रस वाढला.